१९३९ चा रुपया : शेवटचा नऊ खरा, की आठाचा केलेला?

पेठेतला
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमच्या कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरात अण्णांची (माझे आजोबा) पत्र्याची ट्रंक होती. २०१९ च्या महापुरात ती पाण्यात गेली होती. पाणी ओसरल्यावर कपडे-कागद टाकून दिले, बाकीचं वाळवून ट्रंक तशीच बंद केली. परवा वाटणीच्या निमित्ताने उघडली तर एका कापडी पिशवीत तेवीस चांदीचे रुपये निघाले. चिखलाने आणि ओलीने सगळे काळेठिक्कर पडलेत. राणीछाप आहेत, बोडक्या डोक्याच्या एडवर्डचे आहेत, पंचम जॉर्ज आहे आणि चारपाच सहाव्या जॉर्जचे आहेत. त्यातल्या एकावर साल आहे १९३९.

काकांनी मोबाईलवर शोधलं आणि तेव्हापासून घरात शांतता नाही. काका म्हणतात १९३९ चा दुर्मीळ, हा एक रुपया बाकीच्या बावीसांना भारी आहे. आत्या म्हणते, अण्णांची ट्रंक मला मिळणार होती. बाबा नेहमीप्रमाणे गप्प.

मी तो घेऊन गुजरीत (आमचा सराफ बाजार) एका पेढीवर गेलो. त्यांनी घासून बघितला, वजन केलं (११.६ ग्रॅमच्या आसपास), वाजवून बघितला आणि म्हणाले, "अस्सल आहे, शंकाच नको." मग मित्राच्या ओळखीतल्या एका नाणेसंग्राहकाला दाखवला. त्यांनी भिंगातून मिनिटभर बघितलं, "हं" म्हणाले आणि परत दिला. पुढे काही बोलायला तयार नाहीत.

त्या "हं"ने झोप उडवली आहे. साल बदललेलं आहे की नाही हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

झणझणीत
भावा, "हं" चा अर्थ कळायला लग्न व्हावं लागतंय. झालंय का?

पेठेतला
झालंय. म्हणूनच घाबरलोय.

हुपरीकर
आमच्या घरात तीन पिढ्या चांदीकाम आहे, म्हणून बोलतो. गुजरीतल्या माणसाने खोटं काही सांगितलेलं नाही. त्याला तुम्ही विचारलं चांदीचं आणि त्याने उत्तर दिलं चांदीचं. जुना रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. आमच्याकडे वजनाला हे रुपयेच टाकायचे. १९३८ आणि १९३९, दोन्हीची चांदी एकच, शंभरात जवळपास ९२. त्यामुळे १९३८ च्या खऱ्या रुपयावर कुणी आठाचा नऊ केला असेल तर वजन बरोबर येणार, टंच (शुद्धता) बरोबर येणार, छनक पण बरोबर येणार. नाणं सोळा आणे खरं आणि आकडा तेवढा खोटा. कसोटीचा दगड तिथे काय करणार?

भिंगवाला
हुपरीकरांना +१. हा मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही. खोटं नाणं आणि खोटं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अख्खं नाणं खोटं असेल (साच्यात ओतलेलं, जर्मन सिल्व्हरचं वगैरे) तर वजन, आवाज, कडेवरची सांध्याची रेष, बारीक छिद्रं, साबणासारखे गुळगुळीत झालेले केस-दाढी, यांवरून पकडता येतं. पाण्यातलं वजनही काढता येतं. वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा आणि नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबतं सोडायचं, पेल्याला कुठेही टेकू द्यायचं नाही. ११.६६ ग्रॅमचा चांगल्या चांदीचा रुपया असेल तर काटा सव्वा ग्रॅमच्या किंचित खाली, साधारण १.१३ दाखवतो.

तुमच्या बाबतीत यातलं काहीच उपयोगाचं नाही. तुम्हाला फक्त आकडा बघायचा आहे. सुदैवाने या सालात दोन नऊ आहेत. पहिला नऊ टाकसाळीचा, त्याबद्दल वाद नाही. शेवटचा त्याच्याशी जुळतो का बघा. डोक्याचा गोल, शेपटीची जाडी, शेपटी किती वळते, सगळं. आठाचा नऊ करायचा म्हणजे खालच्या गोलाची डावी बाजू काढून टाकावी लागते. काढलेली जागा कितीही घासली तरी आजूबाजूच्या पृष्ठभागासारखी होत नाही.

साफ मात्र करू नका. ना चिंच, ना लिंबू, ना टूथपेस्ट. काळेपणा हाच तुमचा पुरावा आहे.

चिंचपेटी
"साफ करू नका" हे माझ्या आजीला कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाचे रुपये चिंच आणि रांगोळीने घासून घासून तिने राणीच्या चेहऱ्यावरचं नाक घालवलं. आता ती राणी कमी आणि आमची मोठी काकू जास्त दिसते.

आमच्याकडे रुपयांची माळ पण आहे. प्रत्येकाला वर कडी डाखलेली (वितळलेल्या धातूने जोडलेली). एका रुपयाची कडी नेमकी सालावर बसवली आहे. सोनाराला तेव्हा काय माहीत की पुढे धागे निघणार आहेत.

माझा प्रश्न. माळेतल्या सहा रुपयांवर १८६२ आहे. सहाही वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या लग्नांत आलेत, मग सगळे एकाच वर्षाचे कसे? कुणी एकाच साच्यातून खोटे पाडलेत का?

भिंगवाला
@चिंचपेटी, घाबरू नका, बहुधा सहाही खरे असतील. १८६२ हे साल टाकसाळीने गोठवलं होतं. १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ च आहे. नेमकं वर्ष कळावं म्हणून ठिपक्यांच्या खुणा केल्या, त्या मोजत बसणारे आमच्यासारखे लोक आहेत. त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या १८४० च्या रुपयाचंही असंच, ते साल पुढे कितीतरी वर्षं चाललं. १८७४ पासून साल दरवर्षी बदलू लागलं.

शंकेखोर
म्हणजे खुद्द सरकारच बारा वर्षं खोटं साल छापत होतं. आणि आम्ही एका आठाचा नऊ केला की गुन्हेगार!

झणझणीत
शंकेखोर, "आम्ही"? कबुलीजबाब समजायचा का? (दिवे घ्या.)

मोडीवाचक
गोठवलेली सालं त्याआधीही होती. कंपनीचे मुर्शिदाबादी रुपये बघा, शाह आलमच्या नावाचे. त्यावर राज्यारोहणाचं वर्ष वर्षानुवर्षं १९ च आहे. सुरती रुपयावर ४६.

मुघल नाण्यांची एक गंमत अशी की त्यांवर बहुधा दोन सालं असतात, हिजरी सन आणि बादशहाचं कितवं वर्ष चालू आहे ते. दोन्ही एकमेकांशी जुळावी लागतात. औरंगजेब १०६८ हिजरीत गादीवर बसला. त्यामुळे ११०० हिजरीच्या नाण्यावर ३२ किंवा ३३ वं वर्ष हवं. तिथे कुणी १२ दाखवत असेल तर नमस्कार करून निघायचं. बनावट करणारा एक आकडा सुधारतो आणि दुसऱ्याला विसरतो.

आणखी एक घोटाळा आपल्याकडे हमखास होतो. पेशवाईनंतर इंग्रजांनी पुण्याच्या टाकसाळीत अंकुशी रुपये पाडले, त्यांवर फसली सन (महसुलाची जुनी कालगणना) आहे. १२३९ वगैरे वाचून लोक "यादवांच्या काळातला रुपया" म्हणून फिरतात. त्यात साधारण ५९० मिळवा, म्हणजे १८२९. साल खरं, वाचणारा चुकीचा.

दूधकट्टा
मोडीवाचक साहेब, शिवराईचं काय? आमच्या गल्लीत एकाकडं शिवराई हाय, त्यावर १६७४ लिवलंय. राज्याभिषेकाची म्हणून देवघरात ठेवलीय त्यानं.

मोडीवाचक
देवघरात राहू द्या, पण बाजारात नेऊ नका. महाराजांच्या शिवराईवर एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" एवढंच असतं. इसवी सन कुठून येणार? त्या दरबारात इसवी सन कोण मोजत होतं? ६ जून १६७४ ही तारीख आपण नंतर लावलेली, त्यांचा शक १५९६. नाण्यावर जे असायलाच नको ते असणं हा खोट्याचा सगळ्यात सोपा पुरावा.

दूधकट्टा
ह्ये त्याला मी सांगणार न्हाई. उद्या सकाळी कट्ट्यावर त्याच्याच पैशानं दूध प्यायचंय.

एडिसनकर
मी न्यू जर्सीत, मूळ राजारामपुरीचा. इथे ही कला फार जुनी आहे. अमेरिकन एक सेंटमध्ये १९१४ चं डेन्व्हर टाकसाळीचं नाणं महाग. मग लोक काय करतात, १९४४ चं डेन्व्हरचं नाणं घेतात आणि पहिल्या चाराचे हात कापून एक करतात. पकडतात दोन गोष्टींवरून. एक म्हणजे चार हा अंक रुंद, त्यामुळे त्याचा एक केला की नऊ आणि एकामध्ये मोकळी जागा उरते. दुसरं म्हणजे लिंकनच्या खांद्याखाली कलाकाराची आद्याक्षरं १९१८ पासून आली. १९१४ च्या नाण्यावर ती खांद्याखाली दिसली तर खेळ खलास.

१९४३ ची तांब्याची सेंटही अशीच. त्या वर्षी युद्धामुळे सेंट पोलादाची होती, तांब्याच्या अगदी मोजक्या चुकून पडल्या. पोलादाच्या नाण्याला तांब्याचा मुलामा देतात किंवा १९४८ चा आठ अर्धा घासून तीन करतात. पहिल्या प्रकाराला चुंबक पुरतं, दुसऱ्याला भिंग लागतं.

तिथेही आठ आणि इथेही आठ. बिचारा आठच सगळीकडे कापला जातो.

अवांतर
आठला कोणी वाली नाही. वाचतोय.

भिंगवाला
एडिसनकरांनी सांगितलं तेच मी सांगणार होतो. सालाला साक्षीदार शोधायचा. त्या वर्षी नाण्यावर आणखी काय बदललं होतं?

आपल्याकडचे साक्षीदार : व्हिक्टोरियाच्या नाण्यावर १८७७ पासून "क्वीन" जाऊन "एम्प्रेस" आलं, तेव्हा १८७६ चा एम्प्रेस रुपया कुणी देत असेल तर घेऊ नका. १९४० पासून रुपयाची चांदी निम्मी झाली, म्हणजे ५० टक्के चांदी, ४० तांबं, बाकी निकेल आणि जस्त, आणि कडाही बदलली. नुसत्या दातांऐवजी मध्ये नक्षीची खाच आली. पेठेतला, तुमच्या १९३९ ची कड साधी दातेरी आहे ना तेवढं बघून घ्या. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. "नया पैसा" १९५७ ते १९६३, पुढच्या वर्षीपासून "नया" गेला. १९६५ चं साल आणि "नया पैसा" एकत्र दिसले तर समजून जा.

आणि सगळ्यात मजेशीर साक्षीदार म्हणजे डुक्कर.

झणझणीत
डुक्कर?? थांबा, चहा घेऊन येतो.

भिंगवाला
१९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या अंगावरच्या मानाच्या साखळीत एक छोटा हत्ती आहे. कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड केली की लोकांना ते डुक्कर वाटलं. त्यावरून ओरड झाली, रुपये परत घेतले आणि १९१२ पासून हत्तीला व्यवस्थित सोंड दिली. म्हणून १९११ चा रुपया हवा तर डुकरासकट. सालात १९११ आणि साखळीत छान सोंडेचा हत्ती, असं असेल तर एक आकडा खोटं बोलतोय. हत्ती नाही.

कागल नाका
सर, तुमची पोस्ट वाचून उठलो, कपाट उघडलं. माझ्याकडं १९११ आहे. वडिलांनी दिलेला. हत्तीला सोंड आहे. चांगली लांब सोंड आहे. आता काय करू?

भिंगवाला
@कागल नाका, लगेच वाईट विचार करू नका. शेवटचा आकडा नीट बघा. नाणं किती झिजलंय?

शंकेखोर
माझी खरी शंका आता. टाकसाळीतच कधीकधी जुन्या ठशावर नवा आकडा ठोकायचे ना? मागच्या वर्षीचा ठसा वाया जाऊ नये म्हणून. मग नऊच्या पोटात आठ दिसला तर ती फसवणूक कशावरून? उलट अशा नाण्यांना संग्राहक जास्त पैसे मोजतात असं ऐकलंय. भिंगवाल्यांचा "दोन नऊ जुळले पाहिजेत" हा नियमही मला पटत नाही. शेवटचा आकडा ठशावर वेगळा ठोकला असेल तर तो पहिल्यापेक्षा थोडा वेगळा किंवा तिरका असूच शकतो.

भिंगवाला
शंका रास्त आहे. दोन नऊ जुळले नाहीत एवढ्यावरून मी फाशी देणार नाही, "हं" म्हणेन.

फरक असा. ठशावर जे काही झालं असेल ते नाण्यावर उंच दिसतं. ठशावर ओरखडा असला तरी नाण्यावर त्याची उठलेली रेष येते. जुन्या आठाची सावली असेल तर तीही उठलेलीच असणार, कारण चांदी त्या खाचेत दाबली गेली. पण नाणं पडल्यानंतर कुणी हत्यार चालवलं असेल तर ते चांदीत खोल गेलेलं असतं. उठलेली रेष टाकसाळीची, खोल रेष माणसाची. हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे वाद मिटतात.

हुपरीकर
अगदी. आम्ही कोरणीचं काम करतो तेव्हा चांदी कुठे जात नाही, बाजूला सरकते. आकड्याच्या शेजारी बारीक वरंबा उठतो. तो दाबायला माणूस घासतो, मग तिथे खळगा पडतो. खळगा लपवायला उजळा देतो, मग तेवढीच जागा आरशासारखी होते. एक झाकायला गेलं की दुसरं उघडं पडतं. दुसऱ्या नाण्याचा आकडा कापून डाखला असेल तर भोवती डाखाची वेगळ्या रंगाची कड दिसते, कारण डाखाची चांदी हलकी असते, ती आधी काळी पडते.

खोलीत अंधार करा, मोबाईलचा दिवा नाण्याच्या अगदी बाजूने, जमिनीला समांतर धरा. वरून नको. मग नाणं हळूहळू फिरवा. शेतातल्या सऱ्या सकाळच्या उन्हात कशा उठून दिसतात तसं दिसेल.

पेठेतला
काल रात्री बायको झोपल्यावर बाथरूममध्ये केलं हे. (अंधार तिथेच चांगला होतो.)

कड साधी दातेरी आहे. खाच नाही.

शेवटच्या नऊच्या खाली डावीकडे काहीतरी आहे. दिवा एका बाजूने धरला की पसरट सावली पडते, दुसऱ्या बाजूने धरला की दिसत नाही. शेपटी पहिल्या नऊपेक्षा बारीक वाटते. पण एक गोष्ट तुमच्या विरोधात जाते. काळेपणा सगळीकडे सारखा आहे. आकड्यावर, त्या पसरट जागेवर, राजाच्या मानेवर, सगळीकडे तीच काळी साय. कोणी घासलं असतं तर तिथे चकाकी नसती का?

फोटो टाकलाय. हात थरथरत होता, माफ करा.

चिंचपेटी
फोटोत राजापेक्षा तुमच्या बाथरूमची टाईल जास्त स्पष्ट आली आहे. छान आहे टाईल.

शंकेखोर
बघा! काळेपणा सलग आहे. मी आधीपासून सांगतोय, खरा आहे. काकांना कळवा.

दूधकट्टा
थांबा की. काळेपणा कवाचा? २०१९ चा ना? ट्रंकेत चिखल गेला तवाचा. म्हंजे २०१९ च्या आधी कुणी आकडा कोरला आसंल तर पुरानं सगळ्यावर सारखाच रंग दिला. काळेपणा एवढंच सांगतोय की ही करामत पुराच्या आधीची. नंतरची न्हाई. म्हंजे काका सुटले.

भिंगवाला
दूधकट्टा, तुम्ही नाण्यांत या. कट्ट्यावर वाया चाललाय.

बरोबर आहे. पुराच्या काळेपणाने या नाण्याचा आधीचा इतिहास पुसला. हा साक्षीदार फक्त २०१९ नंतरचं सांगू शकतो.

पेठेतला, फोटो धूसर आहे, पण खालच्या डाव्या बाजूची ती सावली मला आवडलेली नाही. एक विचारू? पिशवीत १९३८ चे किती आहेत? त्यांचे आठ बघितलेत का?

अवांतर
वेब सीरीजपेक्षा भारी चाललंय. ऑफिसचं काम बंद.

एडिसनकर
तोवर अवांतर : गेल्या वेळी गावी आलो होतो तेव्हा एका जत्रेबाहेर एकाने मला ईस्ट इंडिया कंपनीचा १८१८ चा अर्धा आणा दाखवला. राम, लक्ष्मण, सीता, हनुमान. म्हणाला, चमत्कारी आहे, तांदूळ स्वतःकडे ओढतो. मी म्हटलं, ओढून दाखव. म्हणाला, आज अमावस्या नाही.

मोडीवाचक
त्या रामदरबाराच्या नाण्याने महाराष्ट्रात किती घरं बुडवली असतील! कंपनीने असलं नाणं कधीच पाडलं नाही. देवादिकांचे ते टाक नंतर कुणीतरी बनवले आणि त्यांवर १६१६, १७१७, १८१८ अशी हाताला येईल ती सालं टाकली. सालांकडे बघा, आकडे कसे जोडीजोडीने येतात. खऱ्या इतिहासाला अशी यमकं जुळत नाहीत. कंपनीने सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी काढली ती १८३५ पासून.

"जुनं नाणं द्या, लाखो मिळवा" या मेसेजांबद्दल रिझर्व्ह बँकेनेही ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याच महिन्यात तो मेसेज तीनदा आला.

साल नसलेली नाणी बघायची असतील तर टाऊन हॉल म्युझियममध्ये जा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, सातवाहन काळातलं बरंच काही सापडलं. कोल्हापूरच्या कुर राजांच्या नाण्यांवर बाण लावलेलं धनुष्य आहे, नाव आहे, साल नाही. अभ्यासक अजून क्रम लावतायत.

झणझणीत
साल नाही म्हंजे साल बदलायची भीती नाही. हुशार राजे. कोल्हापूरचेच ना शेवटी.

कागल नाका
भिंगवाला सर, मुलाच्या शाळेतल्या भिंगातून बघितलं. शेवटचा आकडा एक नाही, सात आहे. वरची आडवी रेघ झिजून झिजून जवळजवळ गेलीय, तिरक्या उजेडात थोडी दिसते. १९१७. वडील आयुष्यभर १९११ म्हणत होते.

भिंगवाला
म्हणूनच म्हटलं, लगेच वाईट विचार नको. कुणी फसवलं नाही, नुसतं झिजलं. १९१७ चा रुपया भरपूर मिळतो, पण खरा आहे आणि हत्तीही खरा आहे.

पेठेतला
१९३८ चे तीन आहेत.

दोन ठीक आहेत. तिसऱ्याच्या आठाच्या खालच्या गोलावर, डावीकडे, एक खोल आडवी रेष आहे. भिंगवाला, तुमच्या भाषेत माणसाची रेष. जणू कुणीतरी सुरुवात केली आणि थांबलं.

एक गोष्ट मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नव्हती, कारण तिचा संबंध आहे असं वाटलं नव्हतं. अण्णा घड्याळं दुरुस्त करायचे. महाद्वार रोडवर जिन्याखाली टेबल होतं त्यांचं.

झणझणीत
...

हुपरीकर
डोळ्याला लावायचं भिंग त्यांच्याकडे होतंच म्हणा.

चिंचपेटी
अहो थांबा, एवढ्यात अण्णांना पिंजऱ्यात उभं करू नका. दुकानात कुणी दिलेलं असेल, कुणी गहाण टाकलं असेल. घड्याळवाल्याकडे लोक काहीही आणून देतात. आमच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे लोक दातांची कवळी पण दुरुस्तीला आणायचे.

शंकेखोर
चिंचपेटींशी सहमत (हे धाग्यात लिहून ठेवा, पहिल्यांदाच होतंय). अर्धवट कोरलेला आठ म्हणजे गुन्ह्याचा पुरावा नाही. घड्याळात बारीक अक्षरं कोरायचा सराव करत असतील. चांदीचा रुपया सरावाला वापरणं परवडत होतं का, हा भाग वेगळा.

भिंगवाला
नाण्याबद्दल मी बोलू शकतो, अण्णांबद्दल नाही. तिसऱ्या रुपयाचा नीट फोटो मिळाला तर बरं. पण एकाच पिशवीत एक पुरा नऊ आणि एक अर्धवट आठ असेल, तर १९३९ चा म्हणून तो कुणाला विकू नका. विकलाच तर १९३८ चा म्हणून, सांगून विका.

पेठेतला
सगळ्यांचे आभार. काल रात्री आत्याला फोन केला. घुमवून फिरवून विचारलं, अण्णांना नाण्यांचा नाद होता का. ती म्हणाली, "नाद कसला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की रुपया हातात घेऊन काहीतरी कुरतडत बसायचे. आई ओरडायची, चांदीचा चुरा देवघरात का ठेवता म्हणून." त्याचं काय करायचे, कुणाला दिला का, तिला माहीत नाही. एक १९३९ वाला त्यांनी एकदा कुणा पाहुण्याला दाखवला होता, पाहुणा मागे लागला होता आणि अण्णांनी दिला नाही, एवढं तिला आठवतं. "विकायचा नाही, बघायचा आहे" म्हणाले म्हणे.

काकांना सांगितलं. काका दहा मिनिटं बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या फोरमवाल्यांना सांग, आमच्या वडिलांवर असले आरोप चालणार नाहीत. तेव्हा सांगतो : आरोप चालणार नाहीत.

वाटणी झाली. बावीस रुपये चांदीच्या भावाने मोजून तिघांत विभागले, एक वर उरला तो आत्याला. अर्धवट आठवाला बाबांनी मागून घेतला. १९३९ कुणालाच नको होता, त्यामुळे तो माझ्याकडे आला. बायकोने बघितला, दिव्याखाली फिरवला आणि "हं" म्हणाली.

दूधकट्टा
मंग आता दूध पाजा की गंगावेशीत. मी केस सोडवलीय.

पेठेतला
रविवारी सकाळी सहाला. रुपया आणतो, पण पैसे दुसरे देतो.

एडिसनकर
मलाही एक ग्लास काढून ठेवा. जूनमध्ये येतोय.

झणझणीत
ते सगळं ठीक. पण डुक्कर शेवटी कुणाकडेच नाही का?

चिंचपेटी
माळेत पंचम जॉर्जचे दोन आहेत. एकाची कडी सालावर आहे, पण साखळी मोकळी दिसते. उद्या उजेडात बघून सांगते.